सर्वाधिकारी : तुरुंगात जाणारे डिक्टेटर

हैदराबाद संस्थानात १९३९ साली झालेल्या आर्य समाजाच्या सत्याग्रहाला एकामागून एक असे आठ डिक्टेटर नेमले गेले. इंग्रजी वर्तमानपत्रे आणि सरकारी कागद त्यांना याच नावाने ओळखत. हिंदी आणि मराठीत त्यांना 'सर्वाधिकारी' म्हणत. त्याच वर्षी तीच वर्तमानपत्रे हिटलर आणि मुसोलिनी यांनाही डिक्टेटरच म्हणत होती. हैदराबादच्या पहिल्या डिक्टेटरकडे मात्र ना सैन्य होते, ना खजिना, ना पोलीस. ते सत्तरी ओलांडलेले एक संन्यासी होते आणि पद हाती येताच त्यांनी करायचे मुख्य काम म्हणजे संस्थानात जाऊन स्वतःला अटक करवून घेणे. पुढाऱ्यासाठी वापरल्या जाणाऱ्या या इंग्रजी शब्दाचा हा अर्थ आज कोणाच्याही ध्यानीमनी येत नाही. मराठवाड्याच्या इतिहासात मात्र तो आठदहा महिने चांगलाच चलनात होता.

शब्द मुळात रोमचा. लॅटिनमध्ये 'दिकेरे' म्हणजे बोलणे आणि 'दिक्तारे' म्हणजे पुन्हापुन्हा, ठासून सांगणे. शाळेतले आणि कचेरीतले डिक्टेशन याच घराण्यातले. डिक्टेटर म्हणजे ज्याने सांगावे आणि बाकीच्यांनी मुकाट्याने ऐकावे असा माणूस. पण रोमन प्रजासत्ताकात ती कायद्याने बांधलेली नेमणूक होती. एरवी तिथे दोन कॉन्सल बरोबरीने कारभार पाहत. शत्रू वेशीवर आला किंवा राज्यात बंडाळी माजली की दोघांचे एकमत होईपर्यंत थांबणे परवडत नसे. अशा वेळी सिनेटच्या सल्ल्याने कॉन्सल एकाच माणसाला डिक्टेटर नेमत. मुदत जास्तीत जास्त सहा महिने. त्याच्यापुढे चोवीस दंडधारी चालत. पण खास परवानगी मिळाल्याशिवाय त्याला घोड्यावर बसायचीही मुभा नसे. या बंदीची कारणे वेगवेगळी सांगितली जातात, पण हाती सगळे अधिकार असलेल्या माणसाच्या पायात एखादी बेडी असावी, हा हेतू त्यात दिसतो.

या पदाचा आदर्श म्हणून रोमन लोक सिन्सिनाटसचे नाव घेत. परंपरेने सांगितलेला काळ इ.स.पू. ४५८. शेतात नांगर धरलेला असताना त्याला बोलावणे आले. त्याने फौज घेऊन वेढ्यात सापडलेले रोमन सैन्य सोडवले आणि सोळाव्या दिवशी पद सोडून तो शेताकडे परतला. यात कथेचा भाग किती, इतिहासाचा किती, हा वाद जुना आहे. पण डिक्टेटर कसा असावा याबद्दल रोमन लोकांची समजूत काय होती, ते त्यातून कळते. पुढे सुल्लाने इ.स.पू. ८२ मध्ये हे पद मुदतीशिवाय घेतले. ज्युलियस सीझरने इ.स.पू. ४४ मध्ये तहहयात डिक्टेटर म्हणून घोषणा करवून घेतली आणि काही आठवड्यांतच त्याचा खून झाला. त्यानंतर मार्क अँटनीने ते पदच रद्द करून टाकले.

इंग्रजीने शब्द घेतला तो या दोन्ही आठवणींसकट, सिन्सिनाटसच्या आणि सीझरच्याही. एकोणिसाव्या शतकात त्याला पुन्हा एकदा तेज चढले. १८६० च्या मे महिन्यात गॅरिबाल्डी आपल्या लाल सदऱ्यांच्या तुकडीसह सिसिलीत उतरला आणि राजा व्हिक्टर इमॅन्युएलच्या नावाने त्याने स्वतःला डिक्टेटर घोषित केले. त्याच वर्षाच्या अखेरीस जिंकलेला सगळा दक्षिण इटली राजाच्या हवाली करून तो काप्रेरा बेटावरच्या आपल्या घरी निघून गेला. हिंदुस्थानातल्या राष्ट्रवाद्यांच्या वाचनात हा इटली ठाण मांडून होता. लाला लजपत राय यांनी मॅझिनी आणि गॅरिबाल्डी यांची चरित्रे उर्दूत लिहिली, तर सावरकरांनी १९०७ साली मॅझिनी मराठीत आणला. त्या पिढीला डिक्टेटर म्हटल्यावर सीझरच तेवढा आठवत असेल असे नाही. राज्य जिंकून ते दुसऱ्याच्या हाती देणारा गॅरिबाल्डीही तिच्या ओळखीचा होता.

हिंदुस्थानच्या राजकारणात या शब्दाची वाट मोकळी झाली ती १९२१ साली. असहकाराचा जोर होता, पुढारी धडाधड तुरुंगात जात होते. नियोजित अध्यक्ष चित्तरंजन दासही अटकेत होते. त्या डिसेंबरात अहमदाबादला हकीम अजमल खान यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या काँग्रेसने आपले सगळे कार्यकारी अधिकार एकट्या गांधींच्या हाती सोपवले आणि वारस नेमण्याचा अधिकारही त्यांनाच दिला. अडचण उघड होती. समित्या बैठकीला जमल्या की पोलिसांना एकाच खोलीत सगळे सापडणार. ठराव मांडायचा, चर्चा करायची, मते मोजायची, तर सभासद बाहेर असायला हवेत. ज्या संस्थेवर बंदी येणार हे ठरलेलेच आहे तिला समिती झेपत नाही. तिला एक माणूस लागतो आणि तो पकडला गेला की त्याच्या जागी लगेच दुसरा लागतो.

१९३० च्या कायदेभंगात ही युक्ती देशभर पसरली. काँग्रेस समित्यांची जागा युद्धमंडळांनी घेतली आणि त्यांच्या प्रमुखांना डिक्टेटर म्हणण्याची चाल पडली. वरच्या पातळीवर साखळी अशी चालली : १४ एप्रिलला अध्यक्ष जवाहरलाल पकडले गेले, त्यांच्या जागी मोतीलाल आले. जून संपता संपता मोतीलालही आत गेले आणि जाताना वल्लभभाईंना नेमून गेले. धारासण्याच्या मिठागरावर गांधींनंतर अब्बास तय्यबजी आणि त्यांच्यानंतर सरोजिनी नायडू. मुंबईत त्या वर्षी प्रांतिक काँग्रेसच्या अध्यक्षपदी दादाभाई नौरोजींची नात पेरीन कॅप्टन आली. आडनावच कॅप्टन, हा निव्वळ योगायोग. सोलापुरात मे महिन्यात पोलीस शहर सोडून गेले, स्वयंसेवकांनी काही दिवस रस्ते सांभाळले आणि मग मार्शल लॉ आला. जानेवारी १९३१ मध्ये त्या प्रकरणात चार जणांना फाशी झाली. हैदराबादच्या सीमेवरचे हे शहर पुढच्या लढ्यात पुन्हा येणार होते.

१९३२ साली काँग्रेस बेकायदा ठरल्यावर तर प्रांताप्रांतात डिक्टेटरांच्या याद्या आधीच ठरलेल्या असत. पहिला, दुसरा, तिसरा, पाचवा, दहावा. यादीतले नाव म्हणजे तुरुंगाच्या रांगेतला क्रमांक. एकेकाची कारकीर्द काही दिवसांत आटोपे, कधी त्याहूनही लवकर. सरकारच्या दृष्टीने हा पोकळ थाट होता. सत्याग्रहींच्या दृष्टीने मात्र ती अत्यंत व्यवहारी सोय होती. चळवळीला डोके असावे आणि ते छाटले तरी ती थांबू नये, हे त्यातून साधे. रोमच्या सहा महिन्यांच्या मुदतीचे काम इथे पोलिसांचे वॉरंट करत होते.

हे सगळे ब्रिटिश मुलखात. हैदराबाद संस्थानाची गोष्ट वेगळी. ब्याऐंशी हजार चौरस मैलांहून मोठे हे राज्य, आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू. इथे अधिकाराचे शब्दही वेगळे होते. कार्यकारी मंडळाचा प्रमुख सदर-ए-आझम, मंत्री सदर-उल-महाम, जिल्ह्याचा प्रमुख अव्वल तालुकदार, त्याच्या हाताखाली तहसीलदार. गावात वसुलाचा माली पाटील, बंदोबस्ताचा पोलीस पाटील आणि दप्तर सांभाळणारा पटवारी. नांदेडात हुजूर साहिबचे जत्थेदार. लमाणांच्या तांड्यावर नाईक आणि कारभारी. मजुरांच्या टोळीवर मुकादम. हा शब्द अरबीतून आलेला, अर्थ 'पुढे ठेवलेला'. शिवकाळातल्या कागदांत तो 'मोकदम' या रूपात पाटलासाठी येतो, आणि आज मराठवाड्यात ऊसतोडीच्या टोळ्या बांधणाऱ्याला लोक मुकादमच म्हणतात. पेशवा हा फारसी शब्दही पुढे असणाऱ्याचाच. मराठी पुढारी आणि म्होरक्या यांच्यातही 'पुढे' आणि 'म्होरं' आहेच. फरक एवढाच की एकाचा फोटो फ्लेक्सवर लागतो आणि दुसऱ्याचा पोलीस ठाण्यात. संस्कृत नेता म्हणजे नेणारा, इंग्रजी लीडरही त्याच अर्थाचा. हे सगळे शब्द चालणाऱ्याचे आहेत. त्यांच्या मेळाव्यात डिक्टेटर हा सांगणाऱ्याचा शब्द थोडा परकाच.

संस्थानात सभा घ्यायला परवानगी लागे, खाजगी शाळा काढायला परवानगी लागे, आखाडा चालवायलाही परवानगी लागे. सभाबंदीची 'गश्ती निशान ५३' ही कुप्रसिद्ध गश्ती, म्हणजे परिपत्रक, त्या काळच्या प्रत्येक आठवणीत भेटते. राजकीय परिषद भरवायची तर संस्थानाबाहेर जावे लागे. अशा स्थितीतही १९३७ साली संस्थानातल्याच परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, दुसरे १९३८ साली लातूरला. त्याच वर्षी तेलुगू, मराठी आणि कानडी कार्यकर्त्यांनी मिळून हैदराबाद स्टेट काँग्रेस उभी करायचे ठरवले. सदर-ए-आझम सर अकबर हैदरी यांच्या सरकारने सप्टेंबरमध्ये, संस्थेची रीतसर स्थापना व्हायच्या आतच, तिच्यावर बंदी घातली. २४ ऑक्टोबर १९३८ रोजी गोविंदराव नानल यांच्या पहिल्या तुकडीने सत्याग्रह केला. त्यानंतर थोड्याच दिवसांत स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. मूळचे व्यंकटेश खेडगीकर. कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्याबरोबर काम केलेले, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मुख्याध्यापक असलेले आणि तिथेच संन्यास घेतलेले.

त्याच हिवाळ्यात आणखी दोन आघाड्या उघडल्या, हिंदू महासभेची आणि आर्य समाजाची. सेनापती बापटही हैदराबादेत सत्याग्रहाला गेले. त्यांना 'सेनापती' केले ते मुळशीच्या सत्याग्रहाने. उस्मानिया विद्यापीठातले आणि औरंगाबादचे विद्यार्थी वंदे मातरम् म्हटल्याबद्दल वसतिगृहांतून बाहेर काढले गेले आणि त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. एवढ्या गर्दीत कोणाचा लढा नागरी हक्कांसाठी आहे आणि कोणाचा धर्मासाठी, हे बाहेरच्याला कळेनासे झाले. निजामाच्या सरकारला हा गोंधळ सोयीचाच होता. सगळ्यांवर जातीय म्हणून शिक्का मारला की काम भागत होते. गांधींच्या सल्ल्याने स्टेट काँग्रेसने डिसेंबरातच सत्याग्रह थांबवला. कार्यकर्त्यांना तो निर्णय बोचला. आंदोलन ऐन भरात होते. पण ज्या संघटनेत पुढे मुसलमान कार्यकर्तेही यायला हवे होते, तिला धर्माच्या आघाड्यांपासून दुरी राखणे भागच होते.

मैदानात उरला तो मुख्यतः आर्य समाज. मराठवाडा आणि बीदरच्या पट्ट्यात त्याचे काम जुने होते. उदगीर, तेव्हा बीदर जिल्ह्यात, हे त्याचे मोठे ठाणे. तिथले भाई बन्सीलाल आणि भाई श्यामलाल हे बंधू त्या भागातले कर्ते आर्यसमाजी. श्यामलाल १६ डिसेंबर १९३८ रोजी बीदरच्या तुरुंगात मरण पावले. पुढच्याच आठवड्यात सोलापूरला आर्य परिषद भरली. अध्यक्ष होते वणीचे लोकनायक माधव श्रीहरी अणे, म्हणजे १९३३ साली काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष असताना सामुदायिक कायदेभंग थांबवणारे नेते. डिक्टेटरांच्या राज्याचा शेवट जवळून पाहिलेला माणूस नव्या डिक्टेटरांच्या नेमणुकीच्या वेळी अध्यक्षस्थानी असावा, हा इतिहासाचा चमत्कारिक मासला. यज्ञकुंड आणि मंदिर बांधायला, प्रचार करायला सरकारी परवानगी लागू नये, या मागण्यांसाठी सत्याग्रह करायचे तिथे ठरले.

सूत्रे दिल्लीच्या सार्वदेशिक आर्य प्रतिनिधी सभेकडे होती. तिचे अध्यक्ष घनश्यामसिंह गुप्त हे त्याच वेळी मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेचे सभापती होते. सभेने पद्धत काँग्रेसचीच उचलली. एका वेळी एक सर्वाधिकारी. त्याने तुकडी घेऊन संस्थानात शिरायचे. तो पकडला गेला की पुढच्याने कामाला लागायचे. पहिले महात्मा नारायण स्वामी. दुसरे अजमेरचे कुंवर चांदकरण शारदा. तिसरे लाहोरच्या 'मिलाप'चे संपादक महाशय खुशालचंद, चौथे राजगुरू धुरेंद्र शास्त्री, पाचवे बिहारचे वेदव्रत. सहावे महाशय कृष्ण, लाहोरच्याच 'प्रताप'चे संपादक. सातवे गुजरातचे ज्ञानेंद्र. आणि आठवे विनायकराव विद्यालंकार, या यादीतले हैदराबादचे म्हणता येतील असे एकटेच. मराठवाड्यातून हैदराबादला जाऊन हायकोर्टाच्या न्यायाधीशपदापर्यंत पोहोचलेल्या केशवराव कोरटकरांचे हे चिरंजीव. गुरुकुल कांगडीत शिकले म्हणून विद्यालंकार, शिवाय बॅरिस्टर.

सर्वाधिकाऱ्याकडे खरोखर कोणते अधिकार होते, ते पाहिले म्हणजे शब्दाचा अर्थ उलगडतो. पुढची तुकडी कोणत्या नाक्यावरून, कधी आणि किती जणांची जाईल, हे तो ठरवी. गावोगाव हिंडून माणसे आणि पैसा जमवी. त्याच्या शब्दावर माणसे घरदार सोडून निघत, आणि ती निघताना तो स्वतः आघाडीला असे. अटकेनंतर त्याचा हुकूम बराकीपुरताही उरत नसे. तिथे जेलरचे राज्य. नारायण स्वामींनी जानेवारीच्या अखेरीस संस्थानात पाऊल टाकले आणि पुढे त्यांचा मुक्काम गुलबर्ग्याच्या तुरुंगात पडला. त्यांच्यामागून हजारो आले. गुलबर्गा, हैदराबाद, औरंगाबाद, निजामाबाद, वरंगल इथले तुरुंग भरले. काही सत्याग्रही कोठडीतच दगावले.

सोलापूर हे मुख्य ठाणे, तसेच उत्तरेकडून येणाऱ्यांसाठी मनमाड हे दुसरे दार. मनमाडहून सुटणारी मीटरगेजची गाडी औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड, मुदखेड, उमरी, धर्माबाद अशी निजामाबादमार्गे सिकंदराबादला जाई. हा हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा रस्ता, विसाव्या शतकाच्या तोंडाशी सुरू झालेला. गोदाकाठच्या गावांना बाहेरच्या जगाशी जोडणारा हाच मुख्य दोर. कापूस याच वाटेने बाहेर जाई, वर्तमानपत्र आणि बातमी याच वाटेने आत येई. सत्याग्रहींचा मोठा भाग पंजाब, संयुक्त प्रांत आणि बाहेरच्या इतर प्रांतांतला होता, आणि यावरच निजाम सरकारचे बोट होते : हा प्रजेचा लढा नव्हे, बाहेरून आणलेली भरती आहे. आरोप सगळाच खोटा नव्हता. संस्थानातल्या बऱ्याच मुसलमानांना तर हे सरळ आक्रमणच वाटले, आणि इत्तेहादुल मुसलमीन या त्यांच्या संघटनेला त्या भीतीतून बळ मिळाले. पण बंदी आणि परवान्यांखाली दबलेल्या नांदेड, परभणी, बीडच्या माणसाला तुरुंगाची भीती मोडलेली पहिल्यांदा दिसली ती याच दोन वर्षांत, हेही तितकेच खरे.

जुलै १९३९ मध्ये निजामाने अरवमुद अय्यंगार समितीच्या अहवालावर आधारलेल्या राजकीय सुधारणा जाहीर केल्या. धार्मिक बाबतींतही काही सवलतींची आणि खुलाशांची भाषा आली. सार्वदेशिक सभेने ८ ऑगस्टला सत्याग्रह संपल्याचे जाहीर केले आणि कैदी सुटू लागले. विनायकरावांची तुकडी निघायच्या आतच लढा आटोपला, त्यामुळे आठव्या सर्वाधिकाऱ्याला तुरुंग दिसला नाही. ३ सप्टेंबरला ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले.

त्या युद्धाने शब्दाचा निकाल लावला. त्याची चाहूल मात्र आधीच लागली होती. नोव्हेंबर १९३७ मध्ये 'मॉडर्न रिव्ह्यू' मासिकात 'चाणक्य' या टोपणनावाने एक लेख आला. तेव्हा काँग्रेसच्या अध्यक्षाला राष्ट्रपती म्हणत. लेखाचा विषय हेच राष्ट्रपती जवाहरलाल : त्यांच्यात डिक्टेटर होण्याचे गुण आहेत, लोकप्रियतेत त्यांचा सीझर व्हायला वेळ लागणार नाही, तेव्हा त्यांना पुन्हा अध्यक्ष करू नका. लेखक स्वतः जवाहरलालच होते, हे पुढे उघड झाले. पाचसात वर्षांपूर्वी त्यांच्याच पक्षाच्या जिल्हा कार्यकर्त्यांना जी पदवी मिरवावीशी वाटे, तीच आता इशारा म्हणून वापरावी लागत होती.

मराठीने या पेचातून आपल्यापुरती सोय काढली. एका इंग्रजी शब्दाला तिने दोन शब्द ठेवले. आपल्या बाजूच्या, तुरुंगात जाणाऱ्या माणसाला सर्वाधिकारी. बर्लिन-रोमच्या माणसाला हुकूमशहा. पहिला संस्कृत वळणाचा, विश्वासाने सोपवलेल्या अधिकाराचा. दुसऱ्यात अरबी हुकूम आणि फारसी शहा. लष्करी बुटांचा आवाज त्यातून आपसूक येतो. हैदराबादच्या लढ्यावरच्या मराठी लेखनात नारायण स्वामींना कोणी हुकूमशहा म्हणणार नाही, आणि हिटलरला सर्वाधिकारी म्हटले तर वाचक अडखळेल. इंग्रजीत ही फारकत झाली नाही. म्हणून त्या काळचे इंग्रजी अहवाल आज वाचताना 'आठवा डिक्टेटर' हे शब्द विचित्र वाटतात.

१९४७-४८ च्या शेवटच्या लढ्यात हे पद परत आले नाही. १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहापासूनच स्टेट काँग्रेसची वाट निराळी झाली होती. १९४६ साली बंदी उठली. स्वामी रामानंद तीर्थ अध्यक्ष झाले. ७ ऑगस्ट १९४७ ला भारतात सामील होण्याचा दिवस पाळला गेला आणि १५ ऑगस्टला स्वामीजी पुन्हा अटकेत गेले. त्यांच्यामागे लढा चालवला तो कृती समितीने. दिगंबरराव बिंदू तिचे प्रमुख, बरोबर गोविंदभाई श्रॉफ आणि इतर. आता सीमेपलीकडे स्वतंत्र भारत होता, तिथे समिती बसू शकत होती, चर्चा करू शकत होती, हिशेब ठेवू शकत होती. एका माणसाच्या हाती सगळे सोपवण्याची गरजच उरली नव्हती. आणि महायुद्ध पाहिलेल्या पिढीला तो शब्द उच्चारवलाही नसता.

पैनगंगेच्या पलीकडे उमरखेडला नांदेड भागातल्या कार्यकर्त्यांचे ठाणे पडले. गंमत अशी की तो वऱ्हाड १९३६ च्या करारानुसार नावाला निजामाच्याच सार्वभौमत्वाखाली होता, आणि निजामाचा युवराज 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणवत असे. मुदखेडच्या पुढे त्याच लोहमार्गावर असलेल्या उमरीची बँक ३० जानेवारी १९४८ रोजी लुटली गेली ती याच काळात. ज्या दिवशी दिल्लीत गांधींचा खून झाला, त्याच दिवशी. लुटीतले लाखो रुपये लढ्याच्या खर्चासाठी गेले. समोरच्या बाजूला लातूरचा वकील कासिम रझवी. इत्तेहादचा सदर आणि तिच्या सशस्त्र स्वयंसेवकांचा, म्हणजे रझाकारांचा, म्होरक्या. त्याच्याकडे मात्र बंदुका होत्या, भाषणे होती आणि त्याला आवरणारे कोणी नव्हते. निजामाचे मंत्रिमंडळही अखेरीस त्याच्यापुढे हतबल ठरले. हैदराबादेत खरा डिक्टेटर कोण झाला असेल, तर तो हा, आणि त्याला ती पदवी कोणी रीतसर दिली नव्हती. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य शिरले, १७ सप्टेंबरला निजाम शरण आला.

वर्षभराने, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, घटना समितीतल्या समारोपाच्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बजावले की धर्मात भक्ती आत्म्याला मुक्तीकडे नेईल, पण राजकारणातली विभूतिपूजा देशाला हुकूमशाहीकडेच नेते. सत्याग्रहाच्या डिक्टेटरांना ही टीका कितपत लागू पडते? त्यांच्या हाती सत्ता नव्हती, हे खरे. पण एकाच्या शब्दावर हजारोंनी विचारपूस न करता निघावे, ही सवय त्यांनीही लावली, आणि सत्ता आल्यावर ती सवय पुढाऱ्यांच्या कामी आली. तुरुंगात जाण्याची अट तेवढी गळून पडली. १९७५ साली आणीबाणी पुकारली गेली तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री नांदेडचे शंकरराव चव्हाण होते. शिस्तीमुळे लोक त्यांना हेडमास्तर म्हणत. त्या काळात 'मराठवाडा' दैनिकाचे संपादक अनंत भालेराव यांना स्थानबद्ध केले गेले. निजामाच्या विरोधात लढलेला आणि हैदराबादच्या स्वातंत्र्यसंग्रामाचा इतिहास पुढे लिहून ठेवणारा हा माणूस. विरोधकांच्या तोंडी तेव्हा शब्द होता तो हुकूमशाही. सर्वाधिकारी आता मुख्यत्वे स्वातंत्र्यलढ्याच्या पुस्तकांतच भेटत होता.

आठ सर्वाधिकाऱ्यांपैकी महाशय खुशालचंदांनी संन्यास घेतला आणि ते आनंद स्वामी झाले. ज्यांना तुरुंगात जावे लागले नाही ते विनायकराव विद्यालंकार हैदराबाद राज्यात मंत्री झाले आणि १९५७ साली लोकसभेवर निवडून गेले. केंद्र सरकारने पुढे १९३८-३९ चा आर्य समाज सत्याग्रह स्वातंत्र्यलढ्याचा भाग म्हणून मान्य केला, आणि त्यात शिक्षा भोगलेले सत्याग्रही स्वातंत्र्यसैनिक सन्मान निवृत्तिवेतनास पात्र ठरले.